खणातली चिठ्ठी



या व्याख्यानमालेत आजवर तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांवर बोलणे झाले. आजचा ग्रंथ त्या जातीचा नाही. तो एका जीवाश्मतज्ज्ञाने लिहिला आहे, लोकांना वाचायला मजा यावी म्हणून लिहिला आहे, आणि मजा येतेही. पुस्तकाचे नाव ‘ड्राय स्टोअर रूम नंबर वन’, म्हणजे ‘कोरडी कोठी क्रमांक एक’. लेखक रिचर्ड फोर्टी. १९७० साली ते लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात नोकरीला लागले, ट्रायलोबाइट नावाच्या नामशेष समुद्री प्राण्यांवर त्यांनी जन्मभर काम केले, २००६ मध्ये निवृत्त झाले, आणि २००८ मध्ये हे पुस्तक आले. संग्रहालयाचा पडद्यामागचा संसार हा त्याचा विषय.

तुम्ही म्हणाल, यात तत्त्वज्ञानाच्या माणसाचे काय काम? आमचे म्हणणे असे की या पुस्तकाच्या पानापानांतून एक प्रश्न डोकावतो, लेखक त्याच्याशी खेळतो आणि पुढे जातो. तो प्रश्न आमच्या विषयाचा आहे. बंद कपाटातल्या मेलेल्या वस्तूंमधून ज्ञान तयार होते ते कशाच्या बळावर? आणि त्या ज्ञानावर आपण विश्वास ठेवतो तो कोणाच्या भरवशावर? आज पुस्तकाचे कौतुक करू, त्याच्याशी भांडणही करू, आणि या प्रश्नाला हात घालू.

आधी जागा नीट डोळ्यांसमोर आणू या. साउथ केन्सिंग्टनमधली ती इमारत १८८१ साली लोकांसाठी उघडली. वास्तुकार आल्फ्रेड वॉटरहाउस. कमानी, खांब, भिंतींवर कोरलेले प्राणी. आत शिरताना देवळात शिरल्यासारखे वाटावे अशी रचना. पाहुणा दालनांतून फिरतो, सांगाडे बघतो, पोरांना डायनोसॉर दाखवतो आणि घरी जातो. पण त्या संग्रहालयात आठ कोटींच्या आसपास नमुने आहेत आणि त्यांतला अगदी नगण्य भाग दालनांत मांडलेला आहे. बाकी सारे मागे. कपाटे, कपाटांत खण, खणांत ओळीने झोपवलेले पक्षी, टाचणीला टोचलेले कीटक, मद्यार्कात बुडवलेले मासे, कागदावर शिवलेली वाळकी झाडे.

या मागच्या बाजूला काम काय चालते? नवा नमुना आला की त्याला आधी अतिथंड पेटीत ठेवतात, कारण त्याच्याबरोबर एखादी अळी आत आली तर ती शंभर वर्षांचा संग्रह खाऊन टाकेल. पक्षी असेल तर कातडे अलगद सोलायचे, आत कापूस भरायचा, पोटावर टाके घालायचे, पंख मिटवून पाठीवर निजवायचा आणि पायाला चिठ्ठी बांधायची. सांगाडा हवा असेल तर देह भुंगेऱ्यांच्या हवाली करतात. हाडांवरचे मांस हे किडे इतके स्वच्छ खातात की माणसाच्या हातून तसे काम होणार नाही. गंमत अशी की हेच भुंगेरे चुकून शेजारच्या कोठीत शिरले तर तिथले सारे पक्षी फस्त करतील. म्हणून त्यांना नोकरीवर ठेवायचे, पण घरात घ्यायचे नाही! मद्यार्काच्या बरण्यांचे आणखी वेगळे. झाकण कितीही घट्ट असले तरी मद्यार्क उडत राहतो. कोणीतरी वर्षानुवर्षे बरण्या पाहत फिरायचे, पातळी खाली गेली की भरायची. बरणीची चिठ्ठी बाहेर चिकटवली तर गळून पडेल, म्हणून ती आत, त्या प्राण्याच्या सोबत बुडवून ठेवायची. आणि शाई अशी, की जी विरघळणार नाही.

हे सगळे घरकामासारखे आहे. केले तर कोणाच्या लक्षात येत नाही. नाही केले तर घर जाते.

फोर्टींनी या जगाचे दार आपल्यासाठी उघडले, हे त्यांचे पहिले श्रेय. नामकरणाचे काम, म्हणजे वर्गीकरणशास्त्र, कंटाळवाणे असते हा समज ते मोडून काढतात. एखाद्या किड्याला नाव देण्यासाठी माणूस आयुष्य का घालवतो, हे ते उपदेश न करता दाखवतात. त्यांना आपल्या ट्रायलोबाइटवर प्रेम आहे आणि इतरांच्या शेवाळांवर, माश्यांवर, उवांवर प्रेम करणाऱ्या सहकाऱ्यांबद्दलही ममत्व आहे. विद्वानांमध्ये हा गुण वाटतो तितका सुलभ नाही, हे विद्यापीठांतल्या लोकांना सांगायला नको.

आता भांडण.

पुस्तकाची रचना त्याच्या नावासारखीच आहे. जिथे कुठेच न बसणाऱ्या वस्तू येऊन पडतात अशी ती कोठी. तसे हे पुस्तक किश्श्यांनी भरलेले आहे. कोणी दोऱ्याचे तुकडे लांबीप्रमाणे लावून ठेवतो आणि एका डब्यावर ‘उपयोगाला न येण्याइतके आखूड तुकडे’ अशा अर्थाची चिठ्ठी लावतो. कोणी वरिष्ठांशी वर्षानुवर्षे बोलत नाही. कोणाची प्रेमप्रकरणे, कोणाचे व्यसन. वाचताना हसू येते, आणि पुस्तक मिटल्यावर मनात काय उरते? वल्ली. पु. ल. देशपांड्यांवर वाढलेल्या मराठी वाचकाला वल्ली आवडतातच. पण या किश्श्यांचा परिणाम असा होतो की संग्रहालयाचे मागचे काम म्हणजे काही विक्षिप्त, गोड, जगाशी फटकून राहणाऱ्या माणसांचा छंद, असे चित्र तयार होते. लेखकाला हे अभिप्रेत नसेल. हे काम गंभीर आहे हे त्यांच्याइतके कोणाला कळणार? तरी पुस्तकाचा तोल तिकडे गेला आहे, आणि लोकप्रिय पुस्तकाचा तोल कुठे जातो याला महत्त्व असते. कारण उद्या कोणी हिशेबनीस विचारेल की या खोल्यांवर पैसा का खर्च करायचा, तेव्हा ‘तिथे फार मजेदार माणसे असतात’ हे उत्तर पुरणार नाही.

मग उत्तर कोणते? आमच्या मते ते त्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीत आहे.

चिठ्ठीवर असते काय? पक्षी कुठे मिळाला, कधी मिळाला, कोणी मिळवला, नोंदवहीतला क्रमांक. चार ओळी. आता विचार करा: पक्षी आपल्या समोर आहे, त्याची चोच मोजता येते, पिसे पाहता येतात. आपल्या परिभाषेत हे प्रत्यक्ष. पण तो खानदेशातला की गुजरातचा, १८८० च्या दशकातला की १९१४ चा, हे त्याच्या देहावर लिहिलेले नसते. ते सांगते ती चिठ्ठी. चिठ्ठी म्हणजे शब्दप्रमाण. न पाहिलेल्या माणसाने, न पाहिलेल्या दिवशी, दिलेली साक्ष. नमुना म्हणजे या दोन प्रमाणांची गाठ. दोरा तुटला की दोन्हींचा ऱ्हास होतो: चिठ्ठी नुसता कागद राहते, पक्षी नुसती पिसे.

हे अलंकारिक बोलणे नव्हे. लंडनच्या संग्रहालयाचे पक्षी ट्रिंग या गावी ठेवलेले आहेत. २००९ साली तिथे रात्री खिडकी फोडून एक तरुण शिरला. तो संगीताचा विद्यार्थी होता आणि मासेमारीच्या गळाला लावायच्या शोभेच्या माशा बनवण्याचा त्याला नाद होता. त्या माशांना दुर्मीळ पक्ष्यांची पिसे लागतात. त्याने २९९ पक्षी नेले. त्यांत आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी आग्नेय आशियात मिळवलेलेही काही होते. पुढे तो पकडला गेला आणि पुष्कळ पक्षी परत आले. पण अनेकांच्या पायांतल्या चिठ्ठ्या गेल्या होत्या. गिऱ्हाइकाला पिसे हवी होती, चिठ्ठी कोणाला हवी? पक्षी तोच, रंग तोच, पण अभ्यासकाच्या लेखी तो पक्षी कायमचा हरवला. चोरापुरते बोलायचे तर त्याने पक्षी चोरले; ज्ञानापुरते बोलायचे तर त्याने चिठ्ठ्या चोरल्या.

आता शब्दप्रमाणाचा प्रश्न आला की न्यायदर्शनाला बोलवावे लागते. नैयायिक म्हणतात, शब्द प्रमाण होतो तो आप्ताचा असला तर. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे, बरं का. ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. न्यायसूत्रांवरचे भाष्यकार वात्स्यायन याच्या पुढे जाऊन फार मोलाचे सांगतात: आप्ताचे हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेंच्छाला सारखेच लागू पडते. म्हणजे हुद्दा, कुळ, मान यांचा आप्तपणाशी संबंध नाही. ते वाक्य प्रत्येक संग्रहालयाच्या दारावर लावावे असे आम्हाला वाटते. का, ते आता एका पिंगळ्याच्या गोष्टीवरून कळेल. गोष्ट आपल्याच मुलखाशी येऊन पोचते.

रानपिंगळा हा लहान चणीचा घुबडाच्या कुळातला पक्षी. १८७२ मध्ये ब्लेविट यांना मध्य भारताच्या पूर्वेकडच्या रानात तो मिळाला आणि १८७३ मध्ये अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याला ब्लेविट यांचे नाव दिले. ह्यूम म्हणजे काँग्रेसच्या स्थापनेतले ह्यूम, तेच. पक्ष्यांचे ते केवढे अभ्यासक होते हे आपल्या शाळेच्या पुस्तकात नसते. त्यांच्या हस्तलिखितांचे गठ्ठे रद्दीत विकले गेले आणि खचलेल्या ह्यूम यांनी १८८५ मध्ये आपला प्रचंड संग्रह लंडनच्या संग्रहालयाला देऊन टाकला. ज्या वर्षी मुंबईत काँग्रेस भरली, त्याच वर्षी. कागद रद्दीत गेले, पक्षी खणात राहिले. पुढची गोष्ट त्यामुळेच घडू शकली.

रानपिंगळ्याचे नमुने जगात मोजून सातच. त्यांतले काही जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात खानदेशात मिळवले. त्यानंतर एकच नोंद: १९१४, गुजरातेतले मांडवी, आणि संग्राहक कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन. हे गृहस्थ सैनिक, हेर, बड्या घराण्यातले, आणि पक्षीशास्त्रातले मोठे नाव. १९५४ मध्ये त्यांनी लंडनच्या संग्रहालयाला सुमारे २०,००० पक्षी दिले. एवढा दाता, एवढा मान, त्यांच्या चिठ्ठीवर कोण शंका घेणार?

तशी कुजबुज होती. परवानगीवाचून नमुने नेल्यावरून त्यांना एकदा पक्षीविभागात येण्यास बंदीही झाली होती. पण कुजबुज म्हणजे प्रमाण नव्हे. १९९३ मध्ये अॅलन नॉक्स यांनी त्यांचे काही नमुने तपासून लबाडी दाखवून दिली. मग पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर रानपिंगळ्याकडे वळले. त्यांनी काय केले ते नीट ऐका, कारण यातच संग्रहालयाच्या मागच्या खोल्यांचे सारे तत्त्वज्ञान आहे.

त्यांनी पक्षी उघडला. अर्थात क्ष-किरणांनी, भिंगाने, धीराने. प्रत्येक संग्राहकाचा हात वेगळा असतो. कोणी कापूस कसा भरतो, टाके कुठे घालतो, पंखाजवळ छेद कसा देतो, ही त्याची सही असते, आणि ती सही त्याला ठाऊकही नसते. आपल्याकडे शिंप्याच्या टाक्यावरून सदरा कोणी शिवला ते सांगणारी माणसे असतात, तसेच हे. ‘१९१४ च्या’ पिंगळ्यात जुना कापूस काढून नवा भरलेला आढळला, पण जुन्या कामाचे अवशेष आत राहून गेले होते. ते अवशेष जुळले खानदेशातल्या डेव्हिडसन यांच्या हाताशी. म्हणजे पक्षी संग्रहालयातूनच उचललेला, पुन्हा भरलेला, आणि त्याच्या पायाला खोटी चिठ्ठी बांधलेली. १९९९ मध्ये त्यांनी हे सर्व प्रसिद्ध केले.

त्याच्या आधीच या संशयाचे फळ मिळाले होते. मांडवीची नोंद खोटी ठरवल्यावर खऱ्या जागा कोणत्या उरतात, हे खऱ्या चिठ्ठ्यांवरून ठरवून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट भारतात आले. आधी पूर्वेकडच्या रानात शोधले, मिळाला नाही. मग डेव्हिडसन यांच्या मुलखात, सातपुड्याच्या पायथ्याशी आले. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी शहाद्याजवळच्या रानात एका उघड्या फांदीवर रानपिंगळा बसलेला दिसला. शेवटच्या खऱ्या नमुन्यानंतर ११३ वर्षांनी. आज तो मेळघाटात सापडतो, मुंबईच्या उशाशी तानसाच्या रानातही त्याची नोंद झाली आहे.

या गोष्टीत किती प्रमाणे काम करतात ते बघा. चिठ्ठी हे शब्दप्रमाण. कापूस आणि टाके हे प्रत्यक्ष. त्यावरून डेव्हिडसन यांच्या हाताचे अनुमान. अनुमानाने शब्दाला खोटे पाडले, आणि उरलेल्या खऱ्या शब्दांनी माणसांना शहाद्याच्या रानात आणून पुन्हा प्रत्यक्षाशी गाठ घालून दिली.

आपल्या परंपरेत एक जुना वाद आहे. मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण असते. बाधक काही पुढे येईपर्यंत ते खरे मानायचे. याला स्वतःप्रामाण्य म्हणतात. नैयायिक म्हणतात, नाही, ज्ञान खरे आहे हे दुसऱ्या कशावरून तरी ठरावे लागते, हे परतःप्रामाण्य. वर्गात हा वाद शिकवताना विद्यार्थी जांभया देतात. पण संग्रहालय हा वाद रोज जगते. तिथला माणूस एरवी मीमांसक असतो, त्याला इलाज नाही. आठ कोटी चिठ्ठ्यांवर एकेक करून शंका घेतली तर काम व्हायचे नाही. पण शंका आली की त्याला नैयायिक व्हावे लागते, आणि नैयायिक होता यावे म्हणून वस्तू जपलेली असावी लागते. माइनर्ट्झहागेन यांनी चिठ्ठी बदलली. पक्षी मात्र खणात राहिला, आणि पक्ष्यानेच उलटी साक्ष दिली. कोणी म्हणेल, या प्रकरणाने संग्रहालयावरचा विश्वास उडायला हवा. आम्हाला उलट वाटते. जिथे लबाडी पकडता येते तीच विश्वासाची जागा. जिथे ती पकडायचे साधनच नाही, तिथे असते ती केवळ भाबडी श्रद्धा.

म्हणूनच पडद्यामागच्या खोल्यांत एक नियम असतो: जुनी चिठ्ठी काढायची नाही. नाव चुकले असेल, जागा चुकली असेल, तरी नवी चिठ्ठी शेजारी बांधायची. जुनी तशीच राहू द्यायची. एकेका पक्ष्याच्या पायाला दोन-तीन चिठ्ठ्या लोंबत असतात. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली तेव्हा तिच्या संपादकांनीही हेच केले. नाकारलेले पाठ फेकून दिले नाहीत, ते पानाच्या तळाला छापले, म्हणजे उद्याच्या वाचकाला संपादकाशीही भांडता यावे. आपली चूक दाखवण्याचे साधन पुढच्या पिढीच्या हाती ठेवून जाणे, याहून मोठा बौद्धिक प्रामाणिकपणा आम्हाला माहीत नाही. आणि तो कोणा एका महात्म्याचा गुण नाही. तो दोरा, शाई आणि नियम यांत उतरवलेला आहे. वल्लींच्या किश्श्यांत आम्हाला जे उणे वाटते ते हेच. दोऱ्याचे आखूड तुकडे जपणारा माणूस हसण्याजोगा आहे खरा. पण काहीही फेकायचे नाही हा त्याचा संस्कार त्या घराच्या धर्मातूनच आलेला आहे. हसता हसता तेवढे सांगायला हवे होते.

दुसरा आक्षेप. फोर्टींचे नायक आहेत ते शास्त्रज्ञ. साहजिक आहे, ते त्यांतलेच. पण पुस्तक वाचून झाल्यावर बरण्या भरणारे, कातडी सोलणारे, चिठ्ठ्या लिहिणारे, नोंदवहीत क्रमांक घालणारे यांची चित्रे मनात फारशी उरत नाहीत. खण उघडून नवी जाती ओळखणारा दिसतो. खण शंभर वर्षे कोरडा ठेवणारा दिसत नाही. आणि चिठ्ठीवर तरी सारे कुठे असतात? संग्राहकाच्या चिठ्ठीवर सहसा एकच नाव असते. ज्यांनी रानातल्या वाटा दाखवल्या, पक्षी कुठे बसतो ते सांगितले, रात्री कंदील धरला, ते त्या चार ओळींत मावत नाहीत. वात्स्यायनांचे लक्षण लावले तर तेही आप्तच होते. वस्तू त्यांनी आधी जाणली होती. पण शब्द लिहायचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता. कर्नलसाहेबांची खोटी चिठ्ठी दशकानुदशके खरी मानली गेली आणि खरे जाणणाऱ्यांची चिठ्ठीच नव्हती, ही या साऱ्या व्यवहारातली मोठी विषमता आहे. पडद्यामागे डोकावणाऱ्या पुस्तकाने त्या पडद्याच्याही मागे डोकवावे, अशी अपेक्षा करणे गैर नाही.

आता कोणी म्हणेल, हे सर्व ठीक. पण आज प्रत्येक नमुन्याचे छायाचित्र काढता येते, डीएनए वाचता येतो. मग कपाटे कशाला हवीत? हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. जागा महाग आहे, वीज महाग आहे, एक अभिरक्षक निवृत्त झाला की ती जागा रिकामीच ठेवण्याचा मोह जगभर सगळ्यांना होतो.

उत्तर म्हणून दोनच गोष्टी सांगतो. इंग्लंडमध्ये बहिरी ससाण्यांची संख्या घटत होती, घरट्यांत अंडी फुटत होती. डेरेक रॅटक्लिफ यांनी जुन्या संग्रहांतली अंडी काढून वजन केली, मापे घेतली आणि १९६७ मध्ये दाखवले की १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अंड्यांची कवचे एकाएकी पातळ झाली आहेत. डीडीटीसारख्या कीटकनाशकांवरच्या आरोपाला त्यामुळे भक्कम पुरावा मिळाला. ती अंडी ज्यांनी गोळा केली त्यांना डीडीटी हा शब्दही माहीत नव्हता. त्यांनी छायाचित्रे ठेवली असती तर कवचाची जाडी कशी मोजली असती? दुसरी गोष्ट आपल्या पिंगळ्याची. १९१४ च्या त्या नमुन्याचे उत्तम छायाचित्र काढून पक्षी टाकून दिला असता, तर छायाचित्रात कर्नलांची चिठ्ठी सुवाच्य दिसली असती आणि आतला कापूस दिसला नसता. म्हणजे आपण खोटे तेवढे जतन केले असते! छायाचित्र आजच्या प्रश्नाचे उत्तर देते. वस्तू उद्याच्या, अजून कोणाला सुचलेल्याही नाहीत अशा प्रश्नांसाठी असते.

आणि ती जाते तेव्हा काय जाते? २६ एप्रिल २०१६ च्या रात्री दिल्लीचे राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालय जळाले. २ सप्टेंबर २०१८ ला रिओचे राष्ट्रीय संग्रहालय जळाले. सुमारे दोन कोटी वस्तूंच्या संग्रहातला फार मोठा भाग गेला. रिओच्या आगीत काही कर्मचारी आत शिरले आणि हाताला लागतील ते नमुने बाहेर काढू लागले. त्यांनी काय निवडले? मृदुकाय प्राण्यांचे टाइप नमुने. टाइप नमुना म्हणजे ज्या एका देहाला बघून जातीला नाव दिले तो देह. न्यायसूत्रे म्हणतात, पदाचा अर्थ व्यक्ती, आकृती आणि जाती या तिन्हींत असतो. नाव जातीचे, वर्णन आकृतीचे, पण दोन्ही ज्या खुंटीला टांगलेली आहेत ती खुंटी म्हणजे ही एक व्यक्ती. ती जळाली की नाव लोंबकळत राहते. धुरात उभ्या असलेल्या त्या माणसांना हे कोणी शिकवावे लागले नाही. आयुष्यभर ते मागच्या खोलीत काम करत आले होते.

आपल्याकडे मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आहे, स्थापना १८८३. तिच्या कपाटांत पक्षी, प्राणी, कीटक मिळून लाखाहून अधिक नमुने आहेत. मुंबईची दमट हवा, पावसाळ्यातली बुरशी, कसर, झुरळे यांच्याशी तिथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या लढत आली आहेत. १९०८ च्या सुमारास एक शाळकरी मुलगा स्वतः टिपलेली, गळ्यावर पिवळा डाग असलेली चिमणी घेऊन तिथे गेला. सचिव मिलार्ड यांनी चिमणी ओळखली, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कपाटे उघडून खणांतले पक्षी त्या मुलाला दाखवले. तो मुलगा म्हणजे सलीम अली. त्यांचे आयुष्य वळले ते दालनातल्या काचेसमोर नव्हे, उघडलेल्या खणासमोर. आत्मचरित्राला त्यांनी त्या चिमणीचेच नाव दिले. असे खण उघडून दाखवणारे कोणी आपल्या शाळकरी मुलांना आज भेटते का, हा प्रश्न आम्ही इथेच ठेवतो. त्याचे उत्तर सभागृहातल्या शिक्षकांनी आणि पालकांनी द्यायचे आहे.

तर समारोप. फोर्टी यांचे पुस्तक वाचा. ते प्रेमाने लिहिलेले आहे आणि प्रेम संसर्गजन्य असते. फक्त वाचताना एक काळजी घ्या. विक्षिप्त माणसांवर हसून झाले की क्षणभर थांबा आणि खणातल्या चिठ्ठीकडे पाहा. ती लिहिणारा मेला आहे, ती बांधणारा मेला आहे, पक्षी तर केव्हाच मेला आहे. तरी त्या चार ओळी कधीतरी कोणी तपासेल, या विश्वासाने कोणीतरी अजून डांबराच्या गोळ्या बदलतो आहे आणि बरण्या भरतो आहे. ज्ञानाचा पाया काय, असा प्रश्न आम्ही जन्मभर वर्गात विचारत आलो. डेकार्ट, कांट, गौतम, कुमारिल, सगळ्यांची उत्तरे सांगितली. त्या यादीत एक उत्तर जोडावेसे वाटते: ज्ञानाचा पाया म्हणजे न तुटलेला दोरा.

एवढे बोलून आम्ही थांबतो.  आता प्रश्न विचारा, आणि शंका मोकळेपणाने घ्या; आजचा विषयच तो आहे.